ओतीव ते चोरीव

आमच्या घरात चमच्यांपेक्षा भिंगं जास्त आहेत. एक खिडकीपाशी, दोन टेबलाच्या खणात, आणि एक कायम हरवलेलं, जे धुवायच्या कपड्यांच्या खिशात सापडतं. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणसाला नीट दिसत नसेल. दिसतं, चांगलं दिसतं. फक्त जे चारचौघांना दिसतं ते आमच्या ह्यांना दिसत नाही. समोरच्या पाहुण्याचा कप कधीचा रिकामा झालाय, हे दिसायचं नाही. पितळेच्या बिल्ल्यावर केसाएवढा ओरखडा असला तर तो मात्र दारातून दिसतो.

एकतीस वर्षं हे गुंड्यांच्या कारखान्यात होते. तिथे ठसे कोरायचे. पोलादाच्या तुकड्यात उलटं चित्र कोरायचं, तो ठसा यंत्रात बसवायचा, खाली पितळेची पट्टी सरकवायची, वरून एक दणका, की झाली गुंडी. पोलिसांच्या, टपालवाल्यांच्या, पलटणींच्या कोटांवर ह्यांच्या हातचं काम फिरलंय. त्यातूनच सैनिकांच्या टोप्यांवर असतात त्या बिल्ल्यांचा नाद लागला. जुने बिल्ले जमवणारे लोक असतात, आणि जमवणारे आले की त्यांना फसवणारे आलेच. मग खरं कुठलं नि खोटं कुठलं हे सांगणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे आमचे हे. दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत दवाखान्यासारखी रांग लागते. लोक आपापला बिल्ला रुमालात बांधून आणतात आणि डॉक्टर काय सांगतोय अशा चेहऱ्यानं बसतात. ह्यांनी त्यासाठी कधी एक पैसा घेतला नाही. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, असं मी कितीदा म्हटलं. हे हसले नाहीत. विनोद बघायलाही ह्यांना भिंग लागतं.

ह्यांची पद्धत ठरलेली. बिल्ला हातात आला की आधी तो पालथा करायचा. "चेहरा सगळेच सजवतात, पाठीकडे कोणी लक्ष देत नाही," हे म्हणतात. ठशावर दणका मारून काढलेला बिल्ला असेल तर पुढचं चित्र मागे खोलगट उमटतं, आणि ती पाठ कशी स्वच्छ, घट्ट असते. नक्कल करणाऱ्याकडे ठसा कुठला? तो एक खरा बिल्ला मिळवतो, वाळूत दाबून साचा करतो आणि पितळ वितळवून ओततो. अशा ओतीव बिल्ल्याच्या पाठीवर बारीक फुटकुळ्या राहतात, रवाळपणा राहतो. पितळ आत सोडलं तिथे एक खुंट उरतो, तो तोडून कानस मारावी लागते, तिची खूण कडेला दिसते. खरा ठसा सरकारी कोठारात कुलपाआड, म्हणून चोर ओततो. त्यामुळे ह्यांचं एक वचनच झालं होतं. जमवणाऱ्या मंडळींत ते सगळ्यांना तोंडपाठ होतं: ओतीव ते चोरीव.

आणि हे वचन सांगताना ह्यांचा आवाज थोडा चढायचा, हेही सांगून टाकते. आयुष्यभर ठसे कोरलेला माणूस. ओतकाम म्हणजे ह्यांच्या लेखी आळशी लोकांचा धंदा.

आता त्या बाईचं सांगते.

आठ वर्षांपूर्वीचा रविवार. सगळे गेले होते, हे टेबल आवरत होते, मी आत पानं घेतली होती, तेवढ्यात दार वाजलं. साधारण पंचेचाळिशीची बाई. कपडे शिवणारी असणार हे मी बघताक्षणी ओळखलं, कारण तिच्या बोटांना खडूची निळसर भुकटी होती आणि पदरालाच एक टाचणी टोचलेली होती. अस्तराच्या कापडाच्या चौकोनात तिनं एक बिल्ला गुंडाळून आणला होता.

"दादा, माझ्या वडिलांचा आहे," ती म्हणाली. "त्यांना जिना उतरवत नाही, म्हणून मी आले."

मी तिला पाणी दिलं. ती उभ्या उभ्याच बोलली. वडील ब्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी युद्धात होते, पूल बांधणाऱ्या एका छोट्या तुकडीत. ती तुकडी चौदा महिनेच टिकली, नंतर मोडली, आणि कागदपत्रं कुठल्याशा आगीत गेली. वडील जेवताना, झोपताना, उठताना त्या पुलाच्या गोष्टी सांगायचे. तिचा भाऊ मात्र ऐकून ऐकून कावला होता. "बाबा युद्धात कोठारात पोती मोजत होते, पूलबिल काही नाही," असं तो एकदा सगळ्यांसमोर म्हणाला. म्हातारा उठला, पेटीतून हा बिल्ला काढून त्यानं टेबलावर ठेवला. भाऊ म्हणाला, असले फुटपाथवर ढिगानं मिळतात. त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते.

"म्हणून म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," ती म्हणाली. "तुमचा शब्द शेवटचा असतो म्हणे."

ह्यांनी बिल्ला पालथा केला. तीन कमानींचा पूल, खाली पानांची महिरप. पाठीवर फुटकुळ्या. मधल्या कमानीखाली कानस मारल्याची खूण. ह्यांच्याकडे त्याच तुकडीचा एक बिल्ला होता, ह्यांना घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं दिलेला. त्यानंच ह्यांना पारख शिकवली होती. तो बिल्ला ह्यांनी खणातून काढून शेजारी ठेवला. ठशातून निघालेला, कडक, रेखीव. शेजारी तिचा बिल्ला म्हणजे धुतल्या तांदळात खडा.

मी आतून हाक मारली, "अहो, जेवण गार होतंय." ही तिसरी हाक होती. मला भूक लागली होती, आणि दुपारी मला जाऊबाईंकडे जायचं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे.

"ओतीव आहे बाई," हे म्हणाले. "नक्कल. ही बघा कानस. बाजारातून कोणीतरी गळ्यात मारला असेल तुमच्या वडिलांच्या."

"एकदा परत बघता का?"

"परत बघण्यासारखं त्यात काही नाही."

तिनं बिल्ला परत अस्तरात गुंडाळला. एकदा, दोनदा, तीनदा, जणू ते कापड संपूच नये. मग नमस्कार करून जिना उतरली. सगळं मिळून पाच मिनिटं झाली नसतील. ह्यांनी वहीत नोंद केली आणि जेवायला बसले. मी म्हटलं, "बिचारी." हे म्हणाले, "खोट्याला खरं म्हणायचं का मग?" आणि विषय संपला. आमच्यापुरता संपला.

यंदा दीड महिन्यापूर्वी आमचा नेहमीचा भंगारवाला एक लाकडी खोकं घेऊन आला. कुणा म्हाताऱ्या ओतारी कारागिराचं घर रिकामं झालं होतं. खोक्यात पितळ दिसलं म्हणून त्यानं ते वितळवायला न देता आधी ह्यांना दाखवायला आणलं. मी स्वयंपाकघरात होते. बाहेर बराच वेळ काही आवाज नाही. इतकी शांतता ह्यांच्या टेबलावर नसते, काहीतरी टुणटुण चालूच असते. मी डोकावले. हे खुर्चीत बसलेले, चेहरा पांढराफटक, आणि हातात पितळेची एक दांडी. झाडाच्या फांदीला पानं असावीत तसे त्या दांडीला दोन्ही बाजूंनी बिल्ले चिकटलेले होते, तोडायचे राहून गेलेले. चार होते. चारींवर तीन कमानींचा पूल.

मला वाटलं, छातीत काही झालं. "अहो, काय होतंय?" मी म्हटलं. ह्यांनी एक जुनी वही माझ्याकडे सरकवली. तुकडीच्या कारखान्याची वही होती ती, खोक्यातच होती; तो ओतारी त्याच तुकडीत होता. पेन्सिलीनं लिहिलेलं. युद्धातलीच तारीख. पुढे तीन वाक्यं: ठशाची सोय नाही. रिकाम्या तोफगोळ्यांचं पितळ वाळूत ओतून बिल्ले केले. एकशे चाळीस नग, सर्वांना वाटले.

त्याच खोक्यात एक पत्रही होतं. युद्धानंतर पंचवीस वर्षांनी तुकडीचे उरलेले लोक एकत्र जमले होते, त्याचं निमंत्रण. त्यात लिहिलं होतं की जुना वाळूतला बिल्ला पुष्कळांकडे राहिला नसेल, म्हणून आठवणीसाठी ठशावर नवा छापून घेतला आहे, तो सोबत पाठवत आहोत.

हे इतकं वाचून माझ्यासारखीलाही कळलं. जो आमच्या खणात मखमलीवर ठेवला होता तो संमेलनातला, पंचवीस वर्षांनंतरचा. आणि युद्धात टोपीवर लागला तो ओबडधोबड, फुटकुळ्यांचा, कानस मारलेला. त्या तुकडीपुरतं सगळं उलटं होतं. जे ओतीव तेच खरं.

"कानस कुठे मारली होती आठवतं का तुला?" हे म्हणाले. ह्यांनी दांडीवरचा एक बिल्ला मला दाखवला. तो दांडीला जिथे जोडलेला होता ती जागा बरोबर मधल्या कमानीखाली होती. "मी तिला बोट ठेवून दाखवली गं. ही बघा कानस, म्हणालो."

त्या दिवसापासून आमच्या घरातलं सुख उडालं. ह्यांनी वह्या काढल्या. तेवीस वह्या आहेत. तीन कमानींचा बिल्ला ह्यांच्याकडे तपासायला सबंध आयुष्यात तीनदाच आला होता. दोन ठशावरचे, जमवणाऱ्यांचे, ते ह्यांनी अस्सल ठरवले होते. त्या दोघांना ह्यांनी दुसऱ्याच दिवशी कळवलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण ते काही जिवावरचं दुखणं नव्हतं. तिसरी नोंद अशी होती: शिवणकाम करणाऱ्या बाई. वडिलांचा बिल्ला. ओतीव. नक्कल. नाव नाही, पत्ता नाही.

"ब्याऐंशी आणि आठ किती?" हे मला विचारायचे.

"नव्वद."

"नव्वद वर्षं माणसं जगतात."

"जगतात की."

थोड्या वेळानं पुन्हा तेच. ब्याऐंशी आणि आठ किती. मी एकदा चिडून म्हटलं, आता ब्याण्णव झाले तुमच्या विचारण्यानं. लगेच जीभ चावली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एक म्हातारा आठ वर्षं आपल्या मुलांच्या नजरेत खोटारडा म्हणून बसलाय, आणि त्याला तसं बसवलं ते आपण, पाच मिनिटांत, हे ह्यांच्या मनातून हलत नव्हतं. तो जिवंत असताना त्याच्यासमोर जाऊन सांगायचं होतं. आज उशीर झाला आणि उद्या तो गेला तर? रविवारी लोक यायचे तर हे बिल्ला हातात धरून बसून राहायचे. पालथा करायचा धीर होईना. एका माणसाला तर हे म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" तो बिचारा घाबरून घरी गेला.

जमवणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस येऊन गेले. पायावर पाय टाकून बसले आणि म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, दादा. त्या बाईला आता आठवतही नसेल. तुम्ही हे चव्हाट्यावर आणलंत तर उद्या प्रत्येक नकलीवाला म्हणेल, माझाही वाळूतला आहे."

"म्हणू दे," हे म्हणाले.

"तुमच्या शब्दाला किंमत राहणार नाही."

"ती म्हाताऱ्याच्या शब्दाला राहिली का?" हे म्हणाले. चिटणिसांनी चहा अर्धा टाकला. मला ह्यांचा फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

शोधायचं कसं? ह्यांनी तिचा बिल्ला अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढे आणला असता, अगदी कुठे डाग होता तेही सांगितलं असतं. तिचा चेहरा मात्र आठवेना. मी म्हटलं ना, चारचौघांना दिसतं ते ह्यांना दिसत नाही. मला आठवत होता. आणि तिच्या हातातली पिशवी आठवत होती, हिरवी, तिच्यावर शाळेचे गणवेश विकणाऱ्या दुकानाचं चित्र होतं: एक मुलगी नि एक मुलगा, हातात हात घालून. हे मी सांगितलं तेव्हा हे चिडलेच. "पंधरा दिवस झाले मी जीव टांगणीला लावून बसलोय, आणि तू आता सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत का?" मी म्हटलं. "तुम्ही मला फक्त बेरजा घातल्यात."

दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडायच्या आत आम्ही पायरीवर. दुकानदाराला शिवणाऱ्या बायका सतराशे साठ, पण टाचणी पदराला टोचणारी म्हटल्यावर त्याला लगेच उमगलं. "त्या होय. काजं करायच्या आमची. हात सुरेख. आता गुडघ्यांमुळे इथवर येत नाहीत, माल पाठवतो मी." त्यानं पत्ता सांगितला. कालव्यापलीकडे, सायकलच्या दुकानावर, तिसरा मजला.

"आणि त्यांचे वडील?" ह्यांनी विचारलं.

"असतील. नसतील. मी कधी वर गेलो नाही," दुकानदार म्हणाला आणि मोजे मोजायला लागला.

कालव्यापर्यंत आम्ही चालत गेलो. हे पुढे, मी मागे. ह्यांच्या एका खिशात ती दांडी होती, जाड रुमालात बांधलेली, आणि दुसऱ्यात वही. मध्येच थांबायचे, खिसा चाचपायचे, परत चालायचे. मला एकच वाटत होतं, देवा, म्हातारा असू दे. खडसावू दे, शिव्या देऊ दे, काठी फेकून मारू दे, पण असू दे. पुलावर हे थांबले आणि म्हणाले, "दार त्यांनीच उघडलं तर काय म्हणू?"

"त्यांना जिनाही उतरवत नव्हता. दार कुठलं उघडतायत."

"तरी?"

"म्हणा, चुकलो."

"एवढंच?"

"त्याहून मोठं काय येतं तुम्हाला?"

तिसऱ्या मजल्याचा जिना अरुंद होता. दुसऱ्या मजल्यावर शिवणयंत्राचा आवाज ऐकू यायला लागला. हे कठड्याला धरून उभे राहिले. श्वास लागला म्हणून नव्हे, हे मला कळत होतं. मीच पुढे झाले आणि दार वाजवलं. यंत्र थांबलं. पावलं आली, एक पाय जरासा ओढल्यासारखी. तीच होती. केस पांढरे झाले होते, बाकी तीच.

तिनं माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. ओळखलं तिनं. ती दारातून बाजूला झाली.

खोली लहान. खिडकीपाशी यंत्र, यंत्राला जवळजवळ टेकून एक जुनी हातांची खुर्ची. खुर्चीवर शाळेच्या शर्टांचा ढीग रचलेला, अगदी पाठीपर्यंत. मी तो ढीग बघितला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. जिथे माणूस बसतो तिथे कोणी शर्ट रचत नाही. ह्यांना अर्थातच ते दिसलं नाही. हे खोलीभर बघत होते, आतल्या दाराकडे, पलंगाकडे.

"वडील..." हे म्हणाले.

"बाबा गेले," ती म्हणाली. "चार वर्षं झाली."

ह्यांनी भिंतीला हात टेकला. मी त्यांना स्टुलावर बसवलं. खाली सायकलच्या दुकानात कोणीतरी घंटी वाजवून बघत होतं.

मग ह्यांनी रुमाल सोडला. दांडी यंत्राच्या फळीवर ठेवली, वही ठेवली, पान उघडून दाखवलं. आणि सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, स्वतःला न वाचवता. "तुमच्या वडिलांचा बिल्ला खरा होता," हे म्हणाले. "मी चुकलो. नुसता चुकलो नाही, माजात चुकलो. तुम्ही परत बघा म्हणालात, आणि मी बघितलं नाही."

मीही म्हटलं, "मी जेवायला हाका मारत होते. त्यातही माझा वाटा आहे."

ती उठली. गुंड्यांच्या डब्यातून तिनं अस्तरात गुंडाळलेला बिल्ला काढला आणि ह्यांच्या हातावर ठेवला. ह्यांनी तो पालथा केला. दांडीवरच्या बिल्ल्याशेजारी धरला. एका आईची लेकरं. ह्यांना भिंगसुद्धा लागलं नाही. "अस्सल," हे म्हणाले, आणि मग ज्यासाठी पंधरा दिवस झोप उडाली होती ते विचारलं. "मी काय म्हणालो होतो ते... त्यांना तुम्ही सांगितलंत?"

"नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"कशी सांगू? जिन्याकडे कान लावून बसले होते. मी आत आले तर उठून उभे राहिले, त्यांना उभं राहवत नव्हतं तरी. मी म्हटलं, अस्सल आहे बाबा. पारख करणारे म्हणाले, असा त्यांनी दुसरा बघितला नाही. भावालाही तेच सांगितलं. तो आला, त्यांच्या पायाशी बसला. जाईपर्यंत दोघांचं चांगलं होतं."

ह्यांनी तोंड हातांत झाकलं आणि रडायला लागले. माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला. म्हातारा खोटारडा म्हणून गेला नव्हता. मानानं गेला होता. "म्हणजे तुम्ही खोटं बोललाच नाहीत," हे रडत रडत म्हणाले, "तुम्ही खरंच सांगितलंत त्यांना. मी खोटं सांगितलं, तुम्ही खरं सांगितलंत." मी तिच्याकडे बघून हसले. वाटलं, आता तीही हसेल, फार तर रडेल, आणि आपण सगळी मोकळी होऊ.

ती हसली नाही. ती बिल्ल्याकडे बघतसुद्धा नव्हती. त्या खुर्चीवरच्या शर्टांकडे बघत होती.

"पण मला माहीत होतं ना," ती म्हणाली. "म्हणजे, मला वाटत होतं, मला माहीत आहे."

आम्हाला कळलं नाही.

"बिल्ला खरा ठरल्यावर बाबांना हुरूपच आला. इथे बसायचे, ह्या खुर्चीत, आणि रोज दुपारी सांगायचे. आधी थोडं थोडं सांगायचे, नंतर सगळं. कोण कोण होतं, कोण वाचलं, कोण नाही. वहिनी, मला ते ऐकवायचं नाही. वाटायचं, म्हातारा माणूस, एवढं रंगवून रंगवून खोटं बोलतोय, आणि ह्या खोट्याला मीच शिक्का मारून दिलाय. त्यांना तोडायचं नव्हतं. मग मी यंत्र जोरात चालवायचे. हं हं करायचे, मान हलवायचे. काजं मोजायचे मनात. ते बोलत असायचे आणि मी मोजत असायचे. चार वर्षं."

ह्यांनी चेहऱ्यावरून हात काढले होते.

तिनं वही जवळ ओढली. पान उलटलं, मग पुढचं, मग मागचं. बोट ओळींवरून फिरत होतं. "ह्यात लिहिलंय का काही?" तिनं विचारलं. "तो पूल कुठला होता? एकदा काहीतरी पाण्याचं सांगत होते, कोणाला तरी केसांना धरून बाहेर काढलं म्हणून. बाबांनी काढलं की बाबांना काढलं, तेही मला आठवत नाही."

"ह्यात फक्त नगांचे आकडे आहेत," हे म्हणाले. "पितळ किती, वाळू किती."

"पण तुम्ही तर एवढं सगळं जाणता. ही तुकडी, हा बिल्ला. पूल कुठला ते तुम्हाला माहीत असेल."

हे बिल्ला हातात धरून बसले होते. त्याचं वजन ह्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं.

"मला माहीत नाही," हे म्हणाले.

"मलाही नाही," ती म्हणाली. "आणि मला तर ते रोज सांगत होते."